मुलीसाठी एअर रायफल घ्यायची आहे: नळी किती लांब आणि हवा कोणती?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी कराडची. थोरली मुलगी तेरा वर्षांची, आठवीत आहे. गेले आठ महिने इथल्या एका क्लबमध्ये १० मीटर एअर रायफलचा सराव करते. क्लबची एकच धड रायफल सहा मुलांत फिरते, त्यामुळे दिवसाला वीस-पंचवीस छर्रे तिच्या वाट्याला येतात. २०२४ साली पॅरिसला स्वप्नील कुसाळेला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळालं, त्या दिवशी शाळेतून आल्यावर तिने ती फेरी कितीदा पाहिली याची गणती नाही. त्याचं गाव कांबळवाडी आमच्यापासून फार लांब नाही, त्यामुळे तिला ते आपल्या घरचंच वाटलं. तेव्हापासून मागे लागली होती.

आता तिच्यासाठी स्वतःची रायफल घ्यायचं ठरवलंय. बजेट ८० हजार, आणि ते खरोखर ८० हजारच आहे. भिशीचे पैसे आणि सासूबाईंनी दिलेले थोडे. नवीन जर्मन मॅच (स्पर्धेची) रायफल याच्या खूप वर जाते, तो विषयच नाही.

समोर तीन पर्याय आहेत.

एक, नवी कोरी गॅस पिस्टनची रायफल, मोडून भरायची. नळी २० इंच. दुकानदार म्हणतात, "ताई, नळी जितकी लांब तितका नेम पक्का, आणि हिचा वेग सेकंदाला ९०० फूट आहे."

दोन, फाइनवेर्कबाऊ ३००एस, जुनी जर्मन, स्प्रिंगची. एका निवृत्त नेमबाज काकांची, बाजूच्या दांड्याने कॉक होणारी (म्हणजे दांडा ओढून स्प्रिंग ताणायची). हिचीही नळी २० इंचांच्या आसपास.

तीन, जुनी जर्मन पीसीपी, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी, सिलिंडरवाली. नळी फक्त ४२ सेंटिमीटर. पुढे एक पोकळ नळकांडं जोडून लांब केल्यासारखी दिसते. दुकानदार म्हणाले, नळी आखूड आहे म्हणून स्वस्तात देतायत.

याशिवाय एकाने सीओटूवर (कार्बन डायऑक्साइड वायूवर) चालणारी फारच स्वस्त सांगितली आहे. मला यातलं काही कळत नाही. लांब नळी घेऊ की आखूड? आणि स्प्रिंग, गॅस, हवा यात नेमका फरक काय?

दहापॉइंटनऊ

ताई, आधी एक गोष्ट मनातून काढून टाका: नळीची लांबी सुटी अशी निवडायची नसते. मागून हवा कशी येते, त्यावर ती ठरते. तुमच्या दोन प्रश्नांचं उत्तर एकच आहे.

स्प्रिंगच्या रायफलमध्ये ट्रिगर दाबला की दट्ट्या पुढे झेपावतो आणि पुढ्यातली मूठभर हवा दाबून एका झटक्यात छर्ऱ्याच्या मागे ढकलतो. तो झटका क्षणात संपतो. छर्ऱ्याला जो वेग मिळायचा तो पहिल्या वीस-पंचवीस सेंटिमीटरात मिळून जातो, पुढची नळी त्याला फक्त घासते. मग मोडून भरायच्या रायफलची नळी एवढी लांब का? कारण तीच तरफ आहे. नळी खाली ओढून दट्ट्या मागे न्यायचा असतो, आखूड नळीने ते जोर खातं. गॅस पिस्टनमध्ये पोलादी स्प्रिंगऐवजी नायट्रोजन भरलेला बंद सिलिंडर असतो, बाकी सगळं तेच. म्हणजे पहिल्या पर्यायातले २० इंच नेमासाठी नाहीत, हातासाठी आहेत.

पीसीपीत हवा आधीच दाबून ठेवलेली असते. रेग्युलेटर तिचा दाब खाली आणून एका छोट्या कप्प्यात ठेवतो, हातोडी व्हॉल्व्हवर आपटते आणि दर वेळी मोजून तेवढीच हवा सुटते. तिथे लांब नळीचा उपयोग खरा होतो, तेवढ्याच हवेत थोडा जास्त वेग मिळतो. पण मॅच रायफलला वेग नकोच असतो. साधारण १७० मीटर प्रतिसेकंद पुरतो. ०.५३ ग्रॅमचा छर्रा त्या वेगाला साडेसात ज्यूल ऊर्जेच्या आसपास जातो, आणि कागदाला स्वच्छ गोल भोक पाडायला तेवढं खूप झालं. त्यासाठी ४२ सेंटिमीटर पुरतात. उरलेली लांबी मुद्दाम कापलेली असते.

मुद्दाम का, तेही सांगतो. ट्रिगर सुटल्यापासून छर्रा नळीबाहेर पडेपर्यंत मुलीचं शरीर हलतच असतं. ४२ सेंटिमीटरच्या नळीत छर्रा चार-पाच मिलिसेकंद असतो. आणखी १० सेंटिमीटर म्हणजे अर्ध्या मिलिसेकंदाहून थोडं जास्त. ऐकायला काहीच नाही, पण त्या वेळात रायफल हलली तर ती चूक कागदावर उमटते. एकदा बाहेर पडला की हलण्याने काही बिघडत नाही.

९०० फुटांचं म्हणाल तर तो आकडा जवळपास २० ज्यूलचा आहे. १० मीटरवर त्यातून मिळतो फक्त धक्का.

मिरजमाळ

सगळं मान्य, पण एक बाजू राहिली. नेम धरायची पुढची माशी आणि मागचा डायोप्टर (बारीक छिद्रातून पाहायची चकती) यांच्यात अंतर जितकं जास्त, तितकी नेमातली कोनाची चूक लहान. मी वर्षभर लांब नळीच्या जुन्या रायफलने खेळलो आणि आखूडवर गेलो तेव्हा गुण पडले. लांब नळीला उगाच नावं ठेवू नका.

दहापॉइंटनऊ

मिरजमाळ, बरोबर आहे, आणि म्हणूनच ताईंच्या तिसऱ्या पर्यायाला पुढे नळकांडं आहे. त्याला रायफलिंग (आतल्या पिळाच्या खाचा) नसतं, छर्रा त्याला शिवत नाही. छर्रा ४२ सेंटिमीटरवर मोकळा होतो आणि माशी मात्र पुढे सरकते. आंतरराष्ट्रीय नियमात मागच्या यंत्रणेपासून पुढच्या दिसणाऱ्या टोकापर्यंत ८५० मिमीची मर्यादा आहे, त्यात बसवून ही नळकांडी बनवतात. दुकानदारांना 'आखूड' वाटलं ती खरं तर त्या रायफलीतली सगळ्यात विचार करून केलेली गोष्ट आहे.

पण तेरा वर्षांच्या मुलीला पूर्ण लांब नळकांडं लगेच देऊ नका. माशी लांब गेली की डगमग जास्त दिसते. मूल घाबरून ती थांबवायला जातं, श्वास धरून ठेवतं आणि शेवटी ट्रिगर ओरबाडतं. शिवाय पुढचं वजन डाव्या हातावर आणि कमरेवर येतं. सुरुवातीला आखूड नळकांडं किंवा काहीच नको.

संत्रानगरी

सीओटूवाली स्वस्त मिळतेय म्हणून घेऊ नका, एवढंच सांगायला लॉगिन केलं.

सीओटू सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो आणि वर त्याची वाफ. त्या वाफेचा दाब तापमानावर चालतो. २० अंशाला साधारण ५७ बार, ३१ अंशाला ७४ च्या जवळ. ३१ च्या वर तर द्रव राहतच नाही, दाब भसाभस चढतो. आमच्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली सराव असायचा. सकाळी सातला नेम बसवायचा, दहाला ग्रुप (भोकांचा गठ्ठा) निशाणाच्या काळ्या वर्तुळाच्या वरच्या कडेला. आम्ही डायोप्टरचे क्लिक मोजत बसायचो आणि आमचे सर म्हणायचे मुलाचा श्वास चुकतोय. दोन उन्हाळे त्या पोराने स्वतःला दोष दिला. चूक गॅसची होती.

युरोपात थंड, बंद हॉलमध्ये या रायफलींनी मोठमोठ्या स्पर्धा गाजवल्या आहेत, त्यांच्या नळीत काही खोट नाही. पण आपल्या हवेत, एसी नसलेल्या रेंजवर, नको.

पेठेतला

संत्रानगरींना अनुमोदन. वाचनखूण साठवली.

स्प्रिंगवाला

मी गेली वीस वर्षं क्लबांच्या रायफली उघडतोय, म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्यायावर लिहितो.

३००एस ही स्प्रिंगची असूनही मॅच रायफल आहे, तिला पहिल्या पर्यायाच्या पंगतीत बसवू नका. ट्रिगर सुटला की तिची सगळी यंत्रणा नळीसकट लाकडावरच्या रुळांवरून थोडी मागे सरकते, त्यामुळे दट्ट्याचा धक्का गालाला आणि खांद्याला लागत नाही. साध्या स्प्रिंग किंवा गॅस पिस्टनमध्ये छर्रा नळीत असतानाच रायफल आधी मागे, मग पुढे उडी मारते. ती कशी धरली यावर छर्रा कुठे जाणार ते ठरतं. शिकणाऱ्या मुलाला त्यातून कधीच समजत नाही की चूक आपली की रायफलीची. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सरावाची रायफल खरं बोलणारी हवी.

३००एस पाहताना दांडा कॉक करून सावकाश परत आणा, खरखर नको. यंत्रणा रुळांवर मोकळी सरकते का पाहा. छर्रा न घालता एकदाही सोडू नका, दट्ट्याला पुढे हवेची गादी मिळत नाही आणि तो थेट लोखंडावर आदळतो. आणि छर्रा ठेवताना दांडा दुसऱ्या हाताने घट्ट धरायचा, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. बोटं जाऊ शकतात.

वजन मात्र पाहा. पूर्ण आकाराची ३००एस पाच किलोच्या जवळ भरते, नियमाची कमाल साडेपाच आहे. आठवीतल्या मुलीला साठ वेळा ते उचलायचंय.

पीसीपीत पहिली गोष्ट: सिलिंडरवर कोरलेली तारीख. रायफलीच्या आधी ती वाचा. उत्पादक साधारण दहा वर्षांची मुदत देतात. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेच्या तपासणीत अडतोच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यात २०० बार दाब असतो आणि तो मुलीच्या डाव्या हाताजवळ असतो. दुसरी: रात्री भरून ठेवा, सकाळी काटा पाहा. तिसरी: क्रोनोग्राफवर (वेग मोजायच्या यंत्रावर) वीस शॉट. वेगातला फरक दोन-तीन मीटर प्रतिसेकंदाच्या आत हवा. दहा मिनिटं थांबून मारलेला पहिला शॉट इतरांपेक्षा वेगवान येत असेल तर रेग्युलेटर गळतोय. ते दुरुस्त होतं, ओ-रिंग आणि सीटचा प्रश्न असतो, पण किमतीत धरायला हवं.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आज पीसीपी पाहून आले. सिलिंडरवर ०९/२०११ कोरलंय. विकणाऱ्यांनी अगदी सहज सांगितलं, "काही होत नाही, आम्ही रोज भरतो." मी हात लावला आणि खाली ठेवली.

म्हणजे हा पर्याय बाद का? रायफल बाकी फार सुंदर ठेवली आहे. मुलीने गाल टेकवला तेव्हा ती काही बोलली नाही, पण मला कळलं.

स्प्रिंगवाला

बाद नाही, ताई. सिलिंडर म्हणजे रायफल नाही, तो बदलायचा भाग आहे. नव्या सिलिंडरची किंमत आणि सील बदलण्याचा खर्च लेखी काढा, तेवढं त्यांच्या आकड्यातून वजा करा आणि मगच बोला. नवा घेताना त्याच मेकचा, त्याच आट्यांचा घ्या. आटे 'जवळपास बसतात' म्हणून दुसरा लावायचा नाही. आणि जुना सिलिंडर रिकामा करून व्हॉल्व्ह काढून टाका, कोणी परत विकायला नको.

वेंगुर्लेवारा

भरायचं कुठे याचा विचार केलात का? पीसीपीचा खरा खर्च तिथे आहे.

आमच्याकडे मालवणला डायव्हिंगवाले आहेत म्हणून मी त्यांच्याकडून १२ लिटरची टाकी भरून आणतो. हिशेब सांगतो. रायफलीचा सिलिंडर पाव लिटरहून लहान. १०० बारवरून २०० वर नेताना मोठ्या टाकीतून दोन बारपेक्षा कमी उतरतात. पण दोन्हीकडचा दाब सारखा झाला की हवा वाहायची थांबते, त्यामुळे दहाएक वेळा भरल्यावर टाकी १८५ ला आली की रायफलही १८५ लाच भरणार. रेग्युलेटर आहे तोवर फरक पडत नाही, फक्त शॉट कमी मिळतात.

हातपंप स्वस्त पडतो, पण १०० च्या पुढे मोठ्या माणसाला सगळं अंग टाकावं लागतं, आणि आमच्या पावसात दमट हवा सरळ आत जाते. पंपाला पाणी टिपणारा फिल्टर नसेल तर घेऊ नका. क्लबमध्ये टाकी किंवा कॉम्प्रेसर असेल तर उत्तम, आधी विचारा.

आणि एक गोष्ट ठणकावून. कोणी "हॉस्पिटलच्या ऑक्सिजनवर भरून देतो" म्हणालं तर तिथून उठा. दाबाखालचा ऑक्सिजन आणि ग्रीसचा थेंब एकत्र आले की स्फोट होतो. फक्त कोरडी हवा. आत साधं तेलसुद्धा नाही.

आईबाबा_पनवेल

माझी मुलगी आता सतरा वर्षांची आहे, या सगळ्यातून गेलोय. आम्ही पहिल्या वर्षी चुकीच्या गोष्टीवर पैसे घातले. नळी, वेग, मेक पाहिला आणि बटची, म्हणजे खांद्याला टेकवायच्या मागच्या भागाची, लांबी पाहिलीच नाही. मोठ्या माणसाच्या मापाच्या बटमुळे ती पाठ मागे वाकवून, मान ताणून उभी राहायची. सहा महिन्यांत कंबर दुखायला लागली. प्रशिक्षकांनी बट आखूड केला, गालपट्टी खाली घेतली, पुढची वजनं काढली. रायफल तीच, नळी तीच, आणि मुलगी शांत उभी राहायला लागली.

तुमची पीसीपी जुनी असली तरी बट आणि गालपट्टी सरकते का, ते पाहा. मुलं या वयात वर्षाला दोन इंच वाढतात. ३००एसचं लाकूड सरकत नाही, कापावं लागतं.

राधानगरीकर

कायद्याचं कोणी बोललं नाही म्हणून. ०.१७७ बोअरपर्यंतची आणि २० ज्यूलच्या आतली एअर रायफल शस्त्रपरवान्याशिवाय घेता येते. तरी बिल जपून ठेवा, नेताना केसमध्ये न्या, क्लबचं ओळखपत्र बरोबर असू द्या. एसटीत उघडी रायफल पाहून लोक घाबरतात आणि त्यांचं काही चुकत नाही.

आणि घरी सराव असेल तर मागे भक्कम पेलेट ट्रॅप (छर्रे अडवणारी पेटी) हवाच. साडेसात ज्यूलसुद्धा डोळा घेऊ शकतात.

दहापॉइंटनऊ

ताई, ठरवण्याआधी एक चाचणी करा. तिन्ही रायफली बेंचवर टेकवून, मोठ्या माणसाच्या हातून, त्याच डब्यातले चपट्या डोक्याचे छर्रे, प्रत्येकी दहा. दहाचा ठिपका अर्धा मिमीचा असतो आणि छर्रा साडेचारचा, तो ठिपक्याला शिवला की दहा. म्हणजे दहा भोकांच्या गठ्ठ्याची बाहेरची कड ९.५ मिमीच्या वर्तुळात मावली तर ती रायफल सगळे दहा मारू शकते. पुढचं काम मुलीचं.

कृष्णाकाठ

तीन आठवड्यांनी लिहितेय. चाचणी झाली. क्लबच्या सरांनी स्वतः बसून मारले.

गॅस पिस्टन: १४ मिमी. एकदा हात बदलून धरली तर गठ्ठा तेवढाच, पण अख्खा खाली सरकला. स्प्रिंगवाला दादा म्हणाले होते ते डोळ्यांनी पाहिलं.
३००एस: ७ मिमी. पन्नास वर्षांच्या घरातली रायफल! सरांनी कागद खिशात घालून ठेवला.
पीसीपी: साडेसहा. सरांच्या ओळखीतल्या एका खेळाडूने त्याच मेकचा, मुदतीतला सिलिंडर एका दिवसासाठी दिला होता.

नळीची लांबी पाहिली तर २० इंचवाल्या दोघींत एक सगळ्यात वाईट आणि एक जवळपास पहिली. दुकानदारांना हा कागद दाखवणार आहे, भांडायला नाही, पुढच्या आईसाठी.

३००एस ती वीस शॉटनंतर खाली ठेवायला लागली. काका म्हणाले, "दोन वर्षांनी ये, तोवर कुणाला देत नाही." त्यांच्या पाया पडून आलो.

पीसीपी घेतली. जुना सिलिंडर, दोन सील आणि रेग्युलेटरची सर्व्हिस वजा करून ती ५८ हजारांना ठरली. नवा सिलिंडर धरून बजेटच्या आत बसलं, वर छर्ऱ्यांना थोडे उरले. नळकांडं काढून कपाटात ठेवलंय. भरायची सोय क्लबच्या टाकीवर, दर भरण्याला ठरावीक पैसे. बट सगळ्यात आखूड खाचेत आहे आणि मागे अजून चार खाचा शिल्लक आहेत.

आता रोज साठ मारते. काल म्हणाली, "आई, आता नऊ लागला की मला कळतं का लागला."

आईबाबा_पनवेल

हे वाचून डोळे भरून आले. अभिनंदन लेकीचं आणि तुमचंही.

स्प्रिंगवाला

छान झालं. नळीत पोलादी सळई घालू नका, फेल्टच्या गोळ्यांनी साफ करा, तेही गरज वाटली तरच. नळीच्या तोंडाची कड जपा. तिथला बारीक ओरखडा जितकं नुकसान करतो तितकं लांबी दहा सेंटिमीटरने कमी-जास्त होऊन होत नाही. डोक्याचा व्यास ४.४९ आणि ४.५० दोन्ही मारून पाहा, आणि जो जमेल त्या लॉटचे डबे एकदम घ्या.

कृष्णाकाठ

मारून पाहिले, ४.५० वाले जमतात. सरांनी डब्याखालचा लॉट नंबर लिहून दिलाय, पण कराडात त्या लॉटचे दोनच डबे निघाले. पुणे किंवा कोल्हापूरकडे कोणाकडे जास्तीचे असतील तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, नंबर कळवते.